मृगाच्या पोटातली टक्कर

जूनच्या पहिल्या आठवड्यात लालबाग-परळच्या चाळींत ‘मृग लागला’ असं कुणी म्हणालं की ऐकणारा आधी गच्चीवरच्या ताडपत्रीची चौकशी करतो. गंमत अशी की ज्या नक्षत्राच्या नावानं हा पाऊस ओळखला जातो, ते नक्षत्र त्या दिवसांत दिसतच नाही. सूर्यच त्या भागात जाऊन बसलेला असतो, म्हणून तर मृग ‘लागतो’. मृग पाहायचा तर जानेवारीची अखेर गाठावी. रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून मान चांगली उंच केली की चार कोपऱ्यांना चार ठळक तारे दिसतात आणि त्यांच्या मधोमध एका ओळीत तीन. हे तीन म्हणजे व्याधानं मारलेला, मृगाच्या पोटात रुतलेला बाण. बाणाच्या जरा खाली आणखी एक छोटी, अंधुक उभी ओळ आहे. शहराच्या उजेडात ती निसटते. साधी द्विनेत्री लावली तर मात्र ओळीतल्या मधल्या ‘ताऱ्या’भोवती राखाडी डाग दिसू लागतो. कर्जतच्या गाडीनं वांगणीपर्यंत गेलात तर नुसत्या डोळ्यांनीही त्याचा धूसरपणा जाणवेल.

हा मृगातला तेजोमेघ, खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतला एम-४२. अंतर सुमारे १,३४० प्रकाशवर्षं. त्याच्या पोटात हजारो कोवळ्या ताऱ्यांचा गुच्छ आहे, आणि गुच्छाच्या गाभ्यात चार तेजस्वी तारे समलंब चौकोनाच्या कोपऱ्यांवर बसावेत तसे बसले आहेत. त्या चौकोनाला ट्रॅपिझियम म्हणतात. सगळ्या मेघाला उजळवण्याचं काम मुख्यतः त्यांतला एकच तारा करतो.

हे थोरले तारे दोन थंड वायुमेघांच्या टकरीतून जन्मले असावेत, असं म्हणणं २०१८ साली पुढे आलं. या प्रकरणाचा विषय तीच टक्कर. पण ‘मृगात टक्कर’ ही कल्पना त्याआधी एकदा येऊन गेली होती, आणि ती मोडीत काढणाऱ्यांत आपल्या एल्फिन्स्टन कॉलेजात घडलेला एक माणूस होता. त्यामुळे सुरुवात तिथून करणं बरं.

कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७-१९३८) एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि तिथंच भौतिकी शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला वर्णपटांच्या अभ्यासासाठी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारनं तेवढेच घातले. योजना प्रयोगशाळेची होती. नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले, तिथल्या जाणत्यांशी बोलले आणि प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच काढायचं मनात घेऊन परतले. पुढच्या वर्षी त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली आणि वेधशाळाही तिथंच उभी राहिली. मुंबईच्या देणगीतून सुरू झालेली गोष्ट पुण्याला गेली, याचं गिरगावकरांना वाईट वाटायला हरकत नाही. आकाशाच्या दृष्टीनं मात्र ते बरंच झालं.

त्या काळी इंग्लंडात नॉर्मन लॉकयर यांचा मोठा दबदबा होता. त्यांचं म्हणणं असं की तेजोमेघ म्हणजे उल्कापाषाणांचे थवे. पाषाण एकमेकांवर आपटतात, त्या घर्षणानं तापतात आणि चमकतात. पुरावा म्हणून ते तेजोमेघांच्या वर्णपटातल्या एका हिरव्या रेषेकडे बोट दाखवत. ही रेषा तापलेल्या मॅग्नेशियमची आहे, आणि मॅग्नेशियम तर उल्कापाषाणांत असतंच, असा त्यांचा युक्तिवाद. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हतं. तेजोमेघ वायूचे असतात हे त्यांनी १८६४ सालीच वर्णपटावरून दाखवलं होतं.

भांडण मिटवायला पाहायचं काय, तर रेषेच्या कडा. मॅग्नेशियमचा तो प्रकाश एकेरी रेषेचा नसतो, पट्ट्याचा असतो: एका बाजूला धारदार कड आणि दुसऱ्या बाजूला हळूहळू विरत जाणारा उजेड. विरळ वायूची रेषा दोन्ही अंगांनी सारखीच कोरीव. नायगमवालांनी पुण्याच्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून मृगातल्या तेजोमेघाची ती हिरवी रेषा तपासली. ती दोन्हीकडून स्वच्छ, तीक्ष्ण होती. विरणाऱ्या उजेडाचा मागमूस नव्हता. हे निरीक्षण १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात छापून आलं. ती रेषा नेमकी कशाची, हे कळायला मात्र १९२७ उजाडलं. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा, असं आयरा बोवेन यांनी दाखवलं. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत ती सहसा दिसत नाही, कारण इतका विरळ वायू आपल्याकडे सहजासहजी बनवता येत नाही.

जाता जाता. हे लॉकयर म्हणजे कोकणात ‘साहेबाचा कट्टा’ ज्यांच्या नावावर दाखवतात तेच. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, ही आवडती समजूत चुकीची आहे. १८६८ मध्ये त्यांनी तो वेध इंग्लंडात बसून घेतला. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. त्याच दिवशी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर इथं आपली यंत्रं मांडून बसले होते. आणि पुण्यात नायगमवालांची दुर्बीण मृगावर रोखलेली असताना त्याच शहरात टिळकही मृगशीर्षातच बुडालेले होते. त्यांचं ‘ओरायन’ १८९३ चं. टिळकांना मृगावरून वेदांचा काळ काढायचा होता, नायगमवालांना मृगातला पदार्थ ओळखायचा होता. दोघांची या विषयावर कधी गाठ पडली असती, तर ते संभाषण ऐकण्यासारखं झालं असतं.

तर पाषाणांची टक्कर बाद झाली, वायू शिल्लक राहिला. पण नायगमवालांना दिसला तो वायू म्हणजे मेघाचा फक्त उजळलेला पापुद्रा. त्यामागे जो प्रचंड काळोखा साठा आहे तो डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात कळतच नाही. त्याला रेण्वीय मेघ म्हणतात, कारण त्यातला हायड्रोजन सुटा नसून दोन-दोन अणूंच्या रेणूंत बांधलेला असतो. तापमान शून्याखाली २६० अंशांच्या आसपास. असा एक मेघ शंभर-दीडशे प्रकाशवर्षं पसरलेला असू शकतो आणि त्यात लाखभर सूर्य घडतील एवढा माल असू शकतो. तरी विरळ किती? घन सेंटिमीटरमागे काहीशे ते काही हजार रेणू. तुमच्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात.

पंचाईत अशी की इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळपास मुका असतो. त्याची घडण सममित असल्यानं तो रेडिओलहरी टाकत नाही. त्याच्यात मिसळलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र बोलका आहे. प्रमाण हायड्रोजनच्या दहा-हजारांशाच्या आसपास, पण २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर तो ठणठणीत ऐकू येतो. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी अमेरिकेतल्या किट पीकच्या दुर्बिणीनं अवकाशातला हा संदेश पहिल्यांदा पकडला, आणि तो पुन्हा मृगातल्याच तेजोमेघाच्या दिशेनं आला. या रेषेची तरंगलांबी किती सरकली यावरून वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय, आणि सेकंदाला किती वेगानं, हे काढता येतं. मेघांच्या टकरींची सगळी कथा या एका मोजमापावर उभी आहे.

आता मूळ प्रश्न. मेघात एवढा माल आहे, गुरुत्वाकर्षण तो आत ओढतंय, तर सगळा मेघ भसकन कोसळून तारे का होत नाहीत? कारण त्याला विरोध करणारे बरेच आहेत. वायूचा स्वतःचा दाब आहे, आतली खळबळ आहे आणि मेघातून जाणारं चुंबकीय क्षेत्र आहे. म्हणून मेघाच्या आयुष्यात त्यातला थोडासाच वायू ताऱ्यांत उतरतो. जिथं एखादी गाठ पुरेशी दाट होते तिथं ती आकसते आणि सूर्याएवढा किंवा त्याहून छोटा तारा तयार होतो. असे लहान तारे मेघ आपल्या आपण बनवू शकतो, त्यात फारसं गूढ नाही.

अडचण येते ती थोर ताऱ्यांची. ट्रॅपिझियममधला मुख्य तारा सूर्याच्या तीस-चाळीस पट वस्तुमानाचा आहे. असा तारा पूर्ण भरण्याआधीच पेटतो आणि त्याच्या प्रखर प्रारणानं येणारा वायूच मागे ढकलू लागतो. म्हणजे जेवण संपायच्या आत पंगत उठवायची सोय तो स्वतःच करून ठेवतो. त्याला वाढायचं असेल तर वायू फार झपाट्यानं यायला हवा, वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा निदान दहा-हजारावा भाग. या दरानं लाख वर्षांत दहा सूर्यांचा माल गोळा होतो. शांत, एकट्या मेघात इतका दाट माल इतक्या लहान जागेत, तोही इतक्या घाईनं, आणणार कोण?

टक्कर हे याचं एक उत्तर आहे. दीर्घिकेच्या चकतीत हे मेघ फिरत असतात आणि सगळे एकाच वेगानं फिरत नाहीत. आता ‘टक्कर’ म्हटल्यावर क्षणात होणारी आदळआपट डोळ्यांसमोर येते. इथं तसं नाही. दोन मेघांच्या वेगांतला फरक साधारण सेकंदाला पाच ते वीस किलोमीटर असतो. लालबाग ते गिरगाव चौपाटी हे अंतर सरळ रेषेत पाचेक किलोमीटर आहे. लालबागच्या राजाला तिथं पोहोचायला अनंत चतुर्दशीची सकाळ ते दुसरी सकाळ लागते. मेघ तेवढं एका सेकंदात कापतो. तरीही मेघ इतके अवाढव्य की एकातून दुसरा पार व्हायला लाखो वर्षं जातात.

महत्त्वाचं हे की तो वेग वायूतल्या ध्वनीच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त आहे. इतक्या थंड वायूत ध्वनी सेकंदाला जेमतेम पाव किलोमीटर जातो. म्हणजे पुढून काय येतंय याची वर्दी वायूला मिळतच नाही. सावरायला, बाजूला सरायला वेळ नाही. दोन मेघ भिडतात त्या पृष्ठभागावर आघाततरंग उठतो आणि वायू तिथं पातळ थरात दाबला जातो. दाबल्यावर तो तापतो, आणि तापला की उसळी मारून पुन्हा फुगायला हवा. पण कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू आणि धूलिकण ती उष्णता प्रारणाच्या रूपानं झटपट बाहेर टाकतात. वायू पुन्हा थंड होतो, फुगण्याची ताकद गमावतो आणि दबलेलाच राहतो. कागदावर हिशेब केला तर घनता हजार पटीच्या घरात वाढते. प्रत्यक्षात एवढी वाढत नाही, कारण वायूबरोबर चुंबकीय क्षेत्रही दाबलं जातं आणि ते प्रतिकार करतं. पण हा प्रतिकार उपयोगाचाच ठरतो. त्याच्यामुळे थराचे बारीक-बारीक तुकडे न पडता जाडजूड गाठी तयार होतात, आणि जाडजूड गाठीच थोर तारे घडवू शकतात. इनोउए आणि फुकुई यांनी २०१३ मध्ये संगणकावर हे करून पाहिलं, तेव्हा वायूच्या आवकीचा तो दहा-हजाराव्या भागाचा दर खरोखर साधला.

लाखो वर्षं चालणारी गोष्ट घडताना बघणं शक्य नाही. आपल्याकडे असतो तो एकच क्षण, तोही एकाच बाजूनं पाहिलेला. मग टक्कर झाली हे ओळखायचं कशावरून?

रेडिओ दुर्बीण मेघाच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट टिपते. त्यातून वेगाचे काप काढता येतात: सेकंदाला आठ किलोमीटरनं जाणारा वायू वेगळा, तेरानं जाणारा वेगळा. नागोया विद्यापीठाचे यासुओ फुकुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृगाची जुनी, साठवून ठेवलेली कार्बन मोनॉक्साइडची नोंद पुन्हा उघडली आणि हेच दोन काप एकमेकांवर ठेवून पाहिले. आठच्या कापात जिथं वायू विरळ, तिथं तेराच्या कापात वायूचा पुंजका. अशा एकमेकांना पूरक ठरणाऱ्या किमान तीन जोड्या त्यांना सापडल्या. हा आकार त्यांना ओळखीचा वाटला त्याला कारण होतं. १९९२ मध्ये हाबे आणि ओहता यांनी संगणकावर दाखवलं होतं की लहान मेघ मोठ्यावर आदळला की त्यात पोकळी खणत जातो. तेव्हा पोकळी एका वेगाच्या कापात आणि ती खणणारा मेघ दुसऱ्या कापात दिसायला हवा. टक्कर तिरकी असेल तर पोकळी आणि मेघ जरा सरकलेले दिसतील. हे सरकलेलं अंतर आणि वेग यांच्या भागाकारातून टकरीचा काळ निघतो. मृगासाठी तो आला सुमारे एक लाख वर्षं.

त्यांच्या मांडणीत गुच्छातले बहुतेक लहान तारे या टकरीचे नाहीत. ते गेल्या दहा लाख वर्षांत, मेघाच्या आपल्या चालीनं, आधीच तयार होत आले होते. टकरीनं त्यात भर घातली ती दहाएक थोर ताऱ्यांची. म्हणजे एकाच गुच्छात दोन पिढ्या, दोन वेगळ्या कारणांनी जन्मलेल्या. मला या मांडणीतला हा भाग सर्वांत पटतो, कारण त्यात टकरीवर जेवढं लादायला हवं तेवढंच लादलं आहे.

या मेघाच्या नकाशात मुंबईचाही हात आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १०० सेंटिमीटर व्यासाची एक दुर्बीण बनवली होती, ती बलूनला टांगून हैदराबादच्या तळावरून तीसेक किलोमीटर उंच सोडायची. एवढा खटाटोप अशासाठी की दूर-अवरक्त प्रारण हवेतल्या बाष्पात अडकतं, जमिनीपर्यंत येतच नाही. कुलाब्याच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. जपानी शास्त्रज्ञांच्या वर्णपटमापकासह या दुर्बिणीनं कार्बनच्या आयनाची १५८ मायक्रोमीटरची रेषा टिपली. भास्वती मुखर्जी, स्वर्ण कांती घोष, देवेंद्र ओझा आणि सहकाऱ्यांचा मृगाचा नकाशा २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकाशाचा अर्धा अंश लांब आणि पाव अंश रुंद तुकडा सलग मोजलेला होता. थोर ताऱ्यांचा अतिनील प्रकाश थंड मेघाच्या कातडीवर पडतो तिथं हा कार्बन आयन तयार होतो, त्यामुळे ताऱ्यांनी मेघ कुठंकुठं भाजून काढलाय ते त्या नकाशात कळतं. दुर्बिणीचा शोधक अर्थातच द्रव हेलियमनं गोठवलेला. लॉकयरचं मूलद्रव्य शेवटी मृगाच्या कामी आलं म्हणायचं. मात्र त्या यंत्राची वेग ओळखण्याची बारकाई सेकंदाला दोनशे किलोमीटरची होती. पाच किलोमीटरचा फरक त्यात दिसणं शक्यच नव्हतं.

ओझा पुढे टकरींकडेही वळले. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले लोकेश देवांगन आणि ते, या दोघांनी २०१७ मध्ये सारथी तारकासमूहातल्या एस-२३५ या तारकाजन्मस्थानाचा अभ्यास मांडला. अंतर सुमारे सहा हजार प्रकाशवर्षं. तिथंही वेगळ्या वेगांचे दोन मेघ, त्यांना जोडणारा मधल्या वेगांचा वायू आणि त्यांच्या सांध्यावर कोवळ्या ताऱ्यांचे गुच्छ, अशा खुणा त्यांना दिसल्या. मधल्या वेगांचा तो वायू फार बोलका पुरावा मानतात. दोन मेघ नुसते एकामागे एक उभे असतील, प्रत्यक्षात भिडलेले नसतील, तर तो नसायला हवा.

एव्हाना टकरींची यादी लांबली आहे. फुकुई आणि मंडळींच्या २०२१ च्या आढाव्यात थोर तारे घडवणारी आपल्या दीर्घिकेतली बहुतेक नामांकित ठिकाणं आली आहेत. भिडलेल्या दीर्घिकांची जोडी म्हणून प्रसिद्ध असलेल्या अँटेना दीर्घिकाही त्यात आहेत. जिकडे बघावं तिकडे एकच कारण सापडू लागलं की मला जरा सावध व्हावंसं वाटतं. नवजात थोर तारे आपल्या वाऱ्यानं आणि प्रारणानं स्वतःही मेघात पोकळ्या खणतात. मग समोर दिसणारी पोकळी जन्माआधीच्या टकरीची की जन्मानंतरच्या धुडगुसाची? शिवाय एकच लांब मेघ पिळला जात असेल, डोलत असेल तरी त्यात दोन वेग दिसू शकतात. मृगातल्या मेघाचा लांबट तंतू असा डोलतो आणि कोवळे तारे त्यातून बाहेर फेकले जातात, असं स्टट्झ आणि गूल्ड यांनी २०१६ मध्ये मांडलं होतं. फुकुईंच्या मृगावरच्या निबंधाच्या शीर्षकातही पुरावा ‘संभाव्य’ आहे असंच म्हटलं आहे. बातम्यांत तेवढा शब्द गळतो.

शंकेला धार आली ती त्याच १५८ मायक्रोमीटरच्या रेषेनं. बोइंग विमानात दुर्बीण बसवलेल्या सोफिया या उडत्या वेधशाळेनं ती रेषा मृगात पुन्हा मोजली, या वेळी सेकंदाला किलोमीटरभर वेगाचे फरक कळतील इतक्या बारकाईनं. पाब्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की ट्रॅपिझियमच्या मुख्य ताऱ्याच्या वाऱ्यानं मेघात एक बुडबुडा फुगवला आहे, आणि त्याचं कवच आपल्या दिशेनं सेकंदाला तेरा किलोमीटर वेगानं पसरतंय. बुडबुड्याची त्रिज्या साधारण आठ-नऊ प्रकाशवर्षं. भागाकार केला तर त्याचं वय येतं सुमारे दोन लाख वर्षं. टकरीचा हिशेब सांगतो की बुडबुडा फुगवणारा तारा जन्मून लाखच वर्षं झाली आहेत. दोन्ही आकडे ढोबळ आहेत आणि दुपटीची चूक दोन्हींत सहज राहू शकते, त्यामुळे एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही. पण टकरीवर विश्वास ठेवणाऱ्यानं हा लाखभर वर्षांचा फरक आधी भरून दाखवायला हवा.